नऊ मीटर

नगररचना कार्यालयात माझं पद अनुरेखक.
म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेषेवरून
शाईनं जायचं, हात न हलवता.
एकतीस वर्षं गेलो.

लातूरच्या गोलाईच्या नकाशावर
कंपासच्या टोकाचं भोक आहे एक.
कधीकाळी तिथं कुणी सुई रोवली
आणि सोळा रस्ते सुटले.
रोज सकाळी भाजीचे हातगाडे
त्या भोकाला वळसा घालतात.

हाश्मी साहेब चहा घेताना जग सांगायचे.
रोमन लोक म्हणे नांगरानं गावाची हद्द ओढायचे,
आणि वेस यायची तिथं
नांगर उचलून धरायचे,
माणसांना जाता यावं म्हणून.
चीनच्या जुन्या राजधानीत रस्ता केवढा?
शेजारी शेजारी नऊ रथ जातील एवढा.
औरंगाबादेत आधी पाणी चाललं जमिनीखालून,
शहर मागून त्याच्या वाटेनं आलं.

आमच्याकडे गाव म्हणजे पांढरी
आणि शेत म्हणजे काळी.
पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती
यांनीच पांढरी होत जाते माती.
विसर्जनाच्या रात्रीनंतर
चिंचोलीची पांढरी आम्ही कुंपण घालून बंद केली,
आणि दोन कोस लांब, काळीवर
नवी चिंचोली आखली.
अ वर्ग, ब वर्ग, क वर्ग.
रस्ता नऊ मीटर.
"नऊ रथ नाही, नऊ मीटर," हाश्मी साहेब म्हणाले,
आणि हसले नाहीत.

नऊ मीटर कशासाठी, ते मला माहीत होतं.
भिंत दोन्हीकडून पडली
तरी मधे माणूस उभा राहील.
मी ती रेषा जाड काढली.

ताबा देण्याच्या दिवशी वैजनाथ घिसाडी आला.
आंधळा. काठी टेकत, थांबत.
"सायेब, वळण कुटं ठिवलं?"
मी म्हणालो, वळण नाही, सरळ आहे.
"आमच्या गल्लीत अकरा पावलांवर
गालाला गार वारा लागायचा.
तितं वळायचं. मग तेलाच्या घाण्याचा वास.
मग घर.
हितं काठी आपटली
तर आवाज परत येईना."

मी विचारलं, मग अरुंदच ठेवायला हवी होती का?
तो बराच वेळ काही बोलला नाही.
"न्हाई," म्हणाला.
"त्याच गल्लीत राधाक्का गेली माझी.
रुंदच ऱ्हाऊ द्या.
पर मला घर सापडंना."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सात वर्षांनी फेरमोजणी.
साखळी, झेंड्या, दोन नवे पोरगे.
घर क्रमांक एकशे चौदाच्या कोपऱ्यावर
लोखंडी पाइपाला गोडेतेलाचा रिकामा डबा लटकलेला,
आत बैलगाडीचा एक खिळा.
वारा आला की खणखण.
पलीकडच्या चौकात दुसरा,
त्याचा आवाज जरा बसका.
तिसऱ्यात घुंगरं, कुण्या बैलाची.
वैजनाथ तेव्हा नव्हता.
डबे मात्र कुणी काढले नव्हते.
शाळेतून येणारी पोरं सांगत होती,
"आम्ही बसक्या डब्याच्या गल्लीतले."

तहसीलचं पत्र होतं, रस्त्यातील अडथळे दाखवावेत.
चिन्हांच्या तक्त्यात विहीर होती,
देऊळ, मशीद, विजेचा खांब,
सीमेचा दगड, एकटं झाड.
डबा नव्हता.

कार्यालयात सगळे गेल्यावर
मी कंपास घेतला.
एकशे चौदाच्या कोपऱ्यावर सुई टेकवली,
दाबली, कागद फुटेपर्यंत.
वर्तुळ काढलं नाही.
मग दुसऱ्या चौकात. मग तिसऱ्यात.

तीन भोकं.
अमोनियाच्या छपाईत ती उमटत नाहीत.
मूळ नकाशा उजेडासमोर धरला
तरच दिसतात.